साठीला ब्लूज गिटार शिकतोय, थिअरी नक्की किती लागते?

पेटीवाला_नाना:
नमस्कार मंडळी. वय ६१, रिटायर झाल्यावर गिटार घेतली, ती पण फक्त ब्लूजसाठी, बी. बी. किंग आणि अल्बर्ट किंग ऐकून डोकं फिरलंय. लहानपणी पेटी शिकलोय त्यामुळे सरगम पक्की आहे, स्टाफ नोटेशनच्या नावाने शून्य. ए मधला १२ बार (बारा मापांचं ब्लूजचं चक्र) कसाबसा वाजतो, पाचव्या फ्रेटवरचा (म्हणजे पडद्यावरचा) मायनर पेंटॅटॉनिकचा पहिला बॉक्स बोटांत बसलाय (आपला धानीच की हो तो, सा ग म प नि, ग आणि नि कोमल). पण जो ऑनलाइन कोर्स लावलाय त्यात लगेच सर्कल ऑफ फिफ्थ्स, मग सात मोड्स (आपल्या थाटांसारखं काहीतरी), डोरियन काय न् फ्रिजियन काय, तोवर मला झोप येते. मुलगा म्हणतो बाबा थिअरीशिवाय पुढे जाणार नाही, मित्र म्हणतो त्या लोकांना कुठे येत होती थिअरी. खरं कोणाचं? आणि एक शंका, ए७ कॉर्डमधे (एकदम वाजणारे स्वर, ए म्हणजे सा) सी शार्प आहे म्हणजे शुद्ध गंधार, आणि मी वरून वाजवतोय सी, म्हणजे कोमल. पेटीवर हे दोन एकदम दाबले असते तर मास्तरांनी पट्टीच हाणली असती, मग इथे चालतं कसं??

सहावी_तार:
काका काही गरज नाही, बिनधास्त वाजवा. जॉन ली हूकर एकाच कॉर्डवर अख्खं गाणं काढायचा आणि बार मोजायच्या भानगडीत पण पडायचा नाही, मनात येईल तेव्हा बदलायचा. रोज ऐका आणि कानाने उचला, बस.

खर्जातली:
@सहावी_तार, हूकर एकटा पाय आपटत वाजवायचा तेव्हा ते खपायचं रे, चार जणांत बसून बार खाल्लेस तर ड्रमर काठ्या फेकून मारेल 😄 मी बेस वाजवते म्हणून सांगते.

नाना, तुमची शंका एकदम मुद्द्याची आहे. ब्लूजचा गंधार धड कोमल नाही आणि धड शुद्ध पण नाही, दोघांच्या मधे कुठेतरी आहे आणि पेटीवर ती पट्टीच नाही, गिटारवर मात्र तार ओढून तिथे जाता येतं. तिसऱ्या तारेवर पाचव्या फ्रेटचा सी घ्या आणि किंचित ओढा, पूर्ण सी शार्पपर्यंत न्यायचा नाही, अलीकडेच सोडायचा. तुमचा कान मींड ऐकून तयार झालेला असणार, हे तुम्हाला माझ्यापेक्षा लवकर जमेल.

पण पेटीवाल्यांना, गाणाऱ्यांना अडचण येते ती वेगळीच. आपल्याकडे सा एकदा लावला की तानपुरा तोच धरून बसतो. इथे पाचव्या बारला खाली डी७ येतो आणि तुम्ही वर तोच धानी आळवत राहिलात तर चुकीचं नाही वाटणार, पण कॉर्ड बदललेला कळणारच नाही. म्हणून थिअरी एवढीच करा की प्रत्येक कॉर्डचा तिसरा आणि सातवा स्वर कुठे आहे. ए७ साठी चौथ्या तारेवर ५ वा फ्रेट (जी) आणि तिसरीवर ६ वा (सी शार्प). ती जोडी तशीच एक फ्रेट खाली सरकवा, झाला डी७ (एफ शार्प आणि सी). ए७ च्या जागेवरून एक फ्रेट वर, झाला ई७ (जी शार्प आणि डी). संपलं! नुसत्या या दोन तारांवर १२ बार वाजवून बघा, बाकी सगळं बंद ठेवलं तरी गाणं कुठे पोचलंय ते ऐकू येईल. आणि बघा, डी७ मधे तोच सी, तुमचा कोमल गंधार, आता कॉर्डच्या घरचा झाला. म्हणून तो चौथ्या बारला चरचरतो आणि पाचव्याला गोड लागतो.

मोड्स सध्या कपाटात ठेवा.

जुना_अँप:
वरचं पटलं, पण "त्या लोकांना थिअरी येत नव्हती" हे जे सारखं ऐकू येतं त्याचा मला वैताग आहे. बी. बी. किंग स्वतःच सांगायचे की मला कॉर्ड्स जमत नाहीत, ते खरंय, पण तेच शिलिंगरच्या पद्धतीची (गणिताने संगीतरचना शिकवणारी) पुस्तकं घेऊन अभ्यास करत होते. ब्लूज गिटारवाला टी-बोन वॉकर चाळीसच्या दशकात नाइन्थ कॉर्ड्स (सेव्हन्थवर अजून एक स्वर चढवलेले) वाजवत होता, ते काय अपघाताने? नोटेशन वाचता न येणं आणि थिअरी न येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, लोक एकच समजतात.

माझ्या मते नाना तुमचं घोडं स्वरांपेक्षा लयीत अडणार. शफलमधे (ब्लूजची झुलती लय) मात्रेचे तीन भाग करायचे आणि मधला गाळायचा, दादरा अंगात असेल तर फार सोपं आहे. मेट्रोनोम ७० वर लावून फक्त ऱ्हिदम वाजवा, सोलो नाहीच. आणि जागा सोडायला शिका, २०११ ला वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत ब्लूज गिटारवादक बडी गाय आले होते, हा माणूस आवाज एवढा खाली आणतो की पुढचा स्वर ऐकायला आपणच पुढे झुकतो, त्याला कुठल्या मोडमधे बसवणार?

पेटीवाला_नाना:
खर्जातली ताई, ते दोन तारांचं करून बघितलं, कमाल आहे हो! बायको आतून म्हणाली आज काहीतरी गाण्यासारखं वाजतंय. कोर्सचं बघू नंतर. फक्त तार ओढताना बोटं जाम दुखतात, पूर्ण स्वर तर वर जातच नाही. वयामुळे का?

खर्जातली:
वय कशाला, तारा किती जाडीच्या आहेत? १० चा सेट असेल तर ९ चा (बारीक) टाका. तेवढ्याने नाही झालं तर सगळ्या तारा अर्धा स्वर उतरवून ई फ्लॅटला लावा, ताण बराच कमी होतो (बॅकिंग ट्रॅक मग अर्धा स्वर उतरलेला शोधावा लागेल). आणि एका बोटाने ओढू नका, तिसऱ्या बोटाच्या मागे पहिली दोन पण लावा, जोर मनगटातून द्या.