मज्जा : हाडातली की मज्जातंतूंतली?

‘अस्थिमज्जा’ म्हणजे हाडाच्या पोकळीतला मऊ गर. मग ‘मज्जातंतू’, ‘मज्जारज्जू’, ‘मज्जासंस्था’ यांत ही मज्जा कुठून आली? मराठीने दोन वेगळ्या गोष्टी एकाच शब्दात कोंबल्या, असा आक्षेप पुष्कळदा घेतला जातो. मला तो पटत नाही.

आयुर्वेदात अर्थ स्पष्ट आहे. रस, रक्त, मांस, मेद, अस्थी, मज्जा, शुक्र या शरीर घडवणाऱ्या सात धातूंमधला मज्जा हा सहावा, आणि त्याचे काम ‘पूरण’, म्हणजे हाडे आतून भरून काढणे. सुश्रुतसंहितेत तर मोठ्या हाडांच्या आत मज्जा आणि इतर हाडांत रक्तमिश्रित मेद असतो, असा भेदही केलेला आहे. व्युत्पत्ती परंपरेने ‘मस्ज्’ या क्रियावाचक मूळ शब्दापासून, म्हणजे बुडणे यापासून सांगतात: जे आत खोल बुडालेले, ते मज्जा.

तुलनात्मक भाषाशास्त्र मात्र आणखी मागे जाते. संस्कृत ‘मज्जन्’, पारशांच्या अवेस्ता या प्राचीन ग्रंथातला ‘मज़्ग’, रशियन ‘मोज़्ग’ आणि इंग्रजी ‘मॅरो’ हे शब्द एकाच मुळाचे मानले जातात. यातल्या ‘मॅरो’चा अर्थ हाडातला गर, तर ‘मोज़्ग’चा मेंदू, अवेस्तन शब्दात दोन्ही अर्थ आहेत. फारसी ‘मग़्ज़’ही याच कुळातला, आणि तोच आपला ‘मगज’! म्हणजे मज्जा आणि मगज ही दूरची भावंडे आहेत. मला तर ही जोडी फार आवडते.

ग्रीकमध्येही हेच घडले. तिथला मज्जावाचक ‘मिएलॉस’ हाडातल्या गरालाही लागे आणि पाठीच्या कण्यातल्या रज्जूलाही. म्हणूनच ‘ऑस्टिओमायलायटिस’ हा हाडाचा आणि त्यातल्या मज्जेचा दाह, तर ‘पोलिओमायलायटिस’ म्हणजे पोलिओ हा मज्जारज्जूचा. लॅटिन ‘मेड्युला’चीही तीच गत. कठीण हाडाच्या आतला मऊ पदार्थ, मग तो मांडीच्या हाडातला असो, कण्यातला असो वा कवटीतला, पूर्वीच्यांना एकाच जातीचा वाटला.

शरीरशास्त्राच्या दृष्टीने मात्र हाडातला गर आणि मेंदू-मज्जारज्जूतला पदार्थ अगदी निराळे. लाल अस्थिमज्जा रक्तपेशी तयार करते, पिवळीत मुख्यतः चरबी असते. मेंदूकडून निघालेले संदेश वाहून नेण्याशी त्यांपैकी कुणाचाच संबंध नाही. म्हणून रुग्णासाठी लिहिताना नुसते ‘मज्जा’ किंवा ‘मज्जा प्रत्यारोपण’ लिहू नये, असे मी आग्रहाने सांगेन. वाचणाऱ्याला मज्जातंतूंची शस्त्रक्रिया आहे असे वाटून तो विनाकारण धास्तावतो. तिथे ‘अस्थिमज्जा’ असे पूर्णच लिहावे. दुसऱ्या अर्थासाठी पाठ्यपुस्तकांतले ‘चेतापेशी’, ‘चेतासंस्था’, ‘मेरुरज्जू’ हे शब्द चांगले रुळले आहेत. बोलण्यातला ‘मज्जातंतू’ मात्र खुशाल राहू द्यावा; त्याने कुणाचा गोंधळ होत नाही.

लिंगाबद्दल: संस्कृतात ‘मज्जन्’ पुल्लिंगी, ‘मज्जा’ स्त्रीलिंगी. मराठीत ती मज्जा, म्हणून ‘मज्जेचा’, ‘मज्जेत’.