लिनिया टी-जेटचं इंजिन बांधायचंय, जमलं तर ताकदही वाढवायचीय. बजेट दीड लाख. सल्ला हवा

कृष्णाकाठ (कराड)

नमस्कार मंडळी. माझ्याकडे २०११ची फियाट लिनिया टी-जेट आहे, १३६८ सीसी, ११४ पीएसचं टर्बो पेट्रोल. चार वर्षांपूर्वी सेकंडहँड घेतली. आता १ लाख १८ हजार किमी झालेत. दोन महिन्यांपासून हजार किलोमीटरला लिटरभर ऑइल पितेय. पुण्याहून परतताना खंबाटकी चढायला लागली की मागे निळा धूर, आणि आयडलला थरथर. गॅरेजमध्ये चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन (आत हवा किती दाबली जाते ते) घेतलं: १७०, १६५, ९५, १६८ पीएसआय. तीन नंबरचा सिलिंडर गेलाय एवढं मलाही कळतंय.

एक मित्र म्हणतो, इंजिन खोलतोयस तर फोर्ज्ड (ठोकून घडवलेले, जास्त मजबूत) पिस्टन टाक आणि मोठा गॅरेट टर्बो लाव. दुसरा म्हणतो, भंगारातलं चालू इंजिन आण, कमी पैशात मोकळा होशील. हातात दीड लाख आहेत, त्यावर एक रुपया नाही. रोजचं कराड-सातारा याच गाडीने होतं. गाडी विकायची नाही. दोन हजार आरपीएमच्या पुढे ही गाडी जशी उचलते, तशी दुसरी कुठली मला परवडणार नाही. काय करू?

उद्यमनगर_लेथ (कोल्हापूर)

दादा, आधी पाना खाली ठेवा. तीन नंबर गेलाय हे कळलं, पण कशाने गेला ते कळलंय का? त्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल घालून परत कॉम्प्रेशन घ्या. आकडा वर आला तर रिंग-पिस्टन, तिथेच राहिला तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट. मग पिस्टन टॉपला आणून प्लगच्या भोकातून हवा भरा आणि ती कुठून निसटते ते कान लावून ऐका. डिपस्टिकच्या नळीतून सूं आवाज आला तर रिंगा, सायलेन्सरमधून आला तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर हेड गॅस्केट. या कामाला अर्धा दिवस लागतो आणि पैसे जवळजवळ नाहीत.

खोललंत तर बोअर (सिलिंडरचं भोक) तीन उंचींवर आणि दोन्ही दिशांनी डायल गेजने मोजून घ्या, आणि आकडे कागदावर मागा. "बघितलं, ठीक आहे" असं सांगणाऱ्याकडे ब्लॉक ठेवू नका. पिस्टन हातात आल्याशिवाय बोअर मारू देऊ नका. पिस्टन मोजायचा, त्यावरून क्लिअरन्स (पिस्टन आणि बोअरमधली मोकळीक) ठरवायचा, मग होनिंग (बोअर आतून बारीक घासणं).

टर्बो गाडीत रिंगच्या फटीकडे सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं. टॉप रिंग बोअरमध्ये सोडायची, पिस्टन उलटा धरून तिला इंचभर खाली सरळ ढकलायची आणि तिच्या तोंडातली फट फीलर गेजने बघायची. बोअरच्या दर इंचाला साधारण ४ ते ५ थाऊ (इंचाचा हजारावा भाग) धरतात. तुमचा बोअर ७२ मिमीचा, म्हणजे ११ ते १४ थाऊ. पिस्टनच्या डब्यातल्या कागदावर आकडा असेल तर तोच अंतिम. फट कमी राहिली तर तापल्यावर रिंगची टोकं एकमेकांना भिडतात, रिंगला फुगायला जागा उरत नाही आणि ती पिस्टनची दोन रिंगांमधली पट्टीच उपटते. चारही सिलिंडरच्या टॉप रिंगा एकेक करून बघायला तासभर लागतो. आमच्याकडे येणाऱ्या दहातल्या सात मिस्त्रींना तेवढा वेळ नसतो, आणि मला याचं फार वाईट वाटतं.

रांजणगाव_रोड (पुणे)

टी-जेटवाल्यांचं प्रेम मला समजतं. माझ्याकडेही आहे, आणि ही गाडी आमच्या रांजणगावच्या कारखान्यातून बाहेर पडलेली, त्यामुळे जीव जास्तच गुंततो.

गॅरेटचा विचार सोडा. मोठा टर्बो नुसता बसत नाही. त्याच्या मागे मॅनिफोल्ड, पाइप, इंजेक्टर, क्लच आणि ट्यूनिंग अशी रांग लागते. बाहेरून मागवलेले फोर्ज्ड पिस्टन ड्युटीसकट तुमचं निम्मं बजेट खातील. आणि ताकद नेमकी किती हवीय? २०१५मध्ये कंपनीने याच १.४ टी-जेटवर पुंटो अबार्थ विकली, १४५ पीएसची. रोजच्या रस्त्याला तेवढी पुष्कळ झाली.

आधी गाडीत आहे ती ताकद परत मिळवा. डायव्हर्टर व्हॉल्व्हचा (टर्बोचा जादा दाब वळवणारा) पडदा फाटतो आणि बूस्ट, म्हणजे टर्बोचा दाब, निसटतो. इंटरकूलरचे (टर्बोची गरम हवा थंड करणारा) होज क्लॅम्पपाशी चिरतात. साबणाचं पाणी मारून दाब द्या, फेस येईल तिथे गळती. प्लगची फट थोडी जास्त असली तरी बूस्टमध्ये मिसफायर होतो. माझ्या गाडीत एवढ्याच गोष्टी नीट केल्यावर ती नवी वाटायला लागली होती.

एक विचारतो: ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) वाचून घेतला का? सेकंडहँड टी-जेटमध्ये आधीच्या मालकाने ताकद वाढवायला त्यात वेगळा मॅप (सेटिंगची फाइल) टाकलेला निघणं अगदी नेहमीचं आहे. या इंजिनाचे मूळचे पिस्टन कास्ट (ओतीव) आहेत. नॉकिंग (इंधन अवेळी पेटून बसणारे धक्के) झालं की रिंगमधली पट्टी पहिली तुटते.

गोदाकाठची (नाशिक)

माझा अनुभव सांगते, म्हणजे तुमचे पैसे वाचतील. माझी गाडी वेगळी आहे, पण टर्बो पेट्रोलच. मागच्या वर्षी टर्बो गेला. एका गॅरेजने नवी कार्ट्रिज (टर्बोचा आतला फिरता भाग) बसवली आणि ६०० किलोमीटरला तीही गेली. दुसऱ्या मिस्त्रींनी खोलून दाखवलं तेव्हा टर्बोला ऑइल पुरवणारा फीडचा पाइप आतून कार्बनने इतका भरलेला की सुई जाईना. जुन्या टर्बोची धातूची पूड ऑइल कूलरमध्ये आणि इंटरकूलरमध्ये तशीच पडलेली. म्हणजे नव्या टर्बोला पहिल्या दिवसापासून ऑइल कमी आणि त्यातही कचरा. मी त्या पार्किंगमध्ये उभी राहून रडले होते, कारण ते पैसे मुलीच्या फीसाठी ठेवलेले होते.

म्हणून सांगते, फीडचा पाइप नवा घ्या, जुना साफ करत बसू नका. ऑइल पंपची जाळी बघा. इंटरकूलर धुऊन पूर्ण वाळवा. आणि इंजिन बांधल्यावर पहिल्यांदा एकदम स्टार्ट करू देऊ नका. प्लग काढून, इंजेक्टरचे कनेक्टर सोडून, ऑइलचा दिवा विझेपर्यंत थोडं थोडं क्रँक करा. टर्बोच्या बेअरिंगपर्यंत ऑइल पोहोचलं की मगच चालू.

सातारी_वकील

भंगारातल्या इंजिनाबद्दल थोडं. ब्लॉक बदलला की इंजिन नंबर बदलतो, आणि तो आरसी बुकावर चढवावा लागतो. बिल आणि मूळ गाडीची कागदपत्रं नसतील तर ते इंजिन फुकट मिळालं तरी घेऊ नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये गाडीतल्या बदलांची तरतूद आहे, ती एकदा वाचा. काहीही बदललंत तर विमा कंपनीला लेखी कळवा.

कृष्णाकाठ (कराड)

सगळ्यांचे मनापासून आभार. ताई, तुमचं वाचून फार वाईट वाटलं. पाइप नवाच घेतोय.

केलं ते सांगतो. ऑइल घातल्यावर तीन नंबर ९५ वरून १४० वर गेला. हवा भरली तर डिपस्टिकच्या नळीतून स्पष्ट आवाज. रविवारी इंजिन उतरवलं. तीन नंबरच्या पिस्टनची पहिल्या आणि दुसऱ्या रिंगमधली पट्टी तुटलेली. नखाएवढा तुकडा निखळून तिथेच अडकून बसलेला, त्याने बोअरला उभी रेघ पाडलीय. नख फिरवलं की अडकतं. टर्बोच्या शाफ्टला आडवा खेळ किंचित आहे, मागेपुढे अजिबात नाही.

आणि रांजणगाव दादा, ईसीयू वाचून घेतला. फाइल कंपनीची नाही. आधीच्या मालकाने बूस्ट वाढवलाय आणि इग्निशन पुढे ओढलंय. म्हणजे जी वाढीव ताकद मी विकत घ्यायला निघालो होतो ती चार वर्षं माझ्याच गाडीत होती, आणि तिनेच पिस्टन फोडला.

आता ठरवलंय: कास्ट पिस्टन ओव्हरसाइज (थोड्या मोठ्या मापाचे), नवे बेअरिंग शेल, हेड बोल्ट, टायमिंग बेल्ट आणि वॉटर पंप, फीड पाइप, प्लग, डायव्हर्टर व्हॉल्व्ह. मॅप कंपनीचा. उरतील ते पैसे क्लचला. उद्यमनगर काका, तीन नंबरचा एकच बोअर मारला तर चालेल का?

उद्यमनगर_लेथ (कोल्हापूर)

नाही. चारही एकाच मापाचे करा, नाहीतर पिस्टनचं वजन जुळणार नाही. आधी ओव्हरसाइजचा सेट मिळतोय याची खात्री करा. नाही मिळाला तर तीन नंबरला स्लीव्ह (आतून नवी नळी) घालून मूळ मापावर आणता येईल, आणि बाकीच्या तीन बोअरचे आकडे आत असतील तर ते नुसते होन करू. ब्लॉक पाठवताना मेन कॅप (क्रँक धरून ठेवणाऱ्या) आणि त्यांचे बोल्ट सोबत द्या, कुठली कॅप कुठली त्याच्या खुणा करून. कॅप बसवून, टॉर्क करूनच आम्ही बोअर मारतो. क्रँकही आणा, जर्नल (बेअरिंगमध्ये फिरणारा गोल भाग) मोजून ठेवतो.