काळ्या जमिनीत पाया : मुरूम लागेपर्यंत खोदा

भाऊ, वर्ध्याकडे शेतात घर बांधताय आणि मिस्त्री तीन फूट पाया पुरे म्हणतो, असं लिहिलंय तुम्ही. कृपा करून थांबा. कपाशीची काळी जमीन पावसाळ्यात फुगते, मे महिन्यात तिच्या भेगांत हात जातो. उथळ पाया त्यासोबत वर-खाली होतो आणि खिडकीच्या कोपऱ्यातून भिंत तिरपी तडकते. मुरूम लागेपर्यंत खोदा. फारच खोल असला तर इंजिनिअरला दाखवून अंडर-रीम्ड पाइल (खाली फुगीर बुंधा असलेले खोल काँक्रीटचे खांब) घ्या, खर्च वाढला तरी. जोत्याला सळईचा बीम हवाच. खोदलेली काळी माती जोत्यात परत भरू देऊ नका, मुरूमच भरा, पाणी मारून, थराथराने ठोकून. उन्हाळ्यात स्लॅब टाकलात तर पीपीसी (राख मिसळलेल्या) सिमेंटला 14 दिवस पाणी लागतं. विहिरीला तेवढं नसेल, तर काम दिवाळीनंतर काढा.