मदत हवी आहे: हॉटेलच्या वाढदिवसाला काळा टाय लावावाच लागते का? (अर्जंट)

संत्रावाला_वरुड | मंगळवार, रात्री ९.१२

राजेहो, लवकर सांगा, वेळ नाही. हॉटेलच्या वाढदिवसाचं आमंत्रण आहे. शुक्रवार ते रविवार, राहणं-खाणं त्यांच्याकडे. शनिवारी रात्रीच्या जेवणाला 'ब्लॅक टाय' लिहिलं आहे. टाय घेऊन मोकळा झालो, १५० रुपये, काळाच आहे. आता बायको म्हणते नुसत्या शर्टावर टाय म्हणजे विम्याचा एजंट दिसता, कोट पाहिजे. टेलर म्हणते १५ दिवस लागतील, लग्नाचे कपडे पडले आहेत. वर थंडीही आहे म्हणे. दोनच प्रश्न. कोटाशिवाय आत घेतात का? आणि आईनं काय करावं? ज्याला माहीत आहे त्यानंच सांगावं, बाकीच्यांनी गंमत करू नये.

स्वाती_यवतमाळ | ९.२०

कोणतं हॉटेल? कोणत्या गावात? कोणता शुक्रवार? आणि 'आईनं काय करावं' म्हणजे कपड्यांचं विचारताय, जेवणाचं की प्रवासाचं? आमंत्रणावर काय लिहिलंय ते जसंच्या तसं इथे टाईप करा, मग सांगता येईल.

मेळघाटी | ९.२४

'वर' म्हणजे चिखलदराच असेल. पण दादा, चिखलदऱ्यात असं कोणतं हॉटेल आहे ज्याचा तीन दिवस वाढदिवस चालते? मी परतवाड्याचा, मला तर आमंत्रण नाही.

संत्रावाला_वरुड | ९.३१

चिखलदऱ्याला टाय लावून कोण जाते भाऊ. मसुरी. हॉटेल इंग्रजांच्या काळातलं आहे, नाव टाकत नाही, भाचा तिथं नोकरीवर आहे. किचनमध्ये, मोठ्या शेफच्या हाताखाली. पुढच्या आठवड्यात आहे. आता कोटाचं सांगा.

कोथरूडचा_पाहुणा | ९.४५

तुमचा मूळ गैरसमज दूर करतो. 'ब्लॅक टाय' म्हणजे काळा टाय नव्हे. तो एक पूर्ण पोशाख आहे: काळा डिनर जॅकेट, पांढरा शर्ट, गळ्याला बो, काळी पॅन्ट, काळे बूट. तुम्ही घेतलेला लांब टाय त्यात कुठेच बसत नाही. त्यापेक्षा बंदगळा घाला. आपल्याकडच्या अशा समारंभांत बंदगळा सहसा चालतो. लष्करी मेसमध्ये मी स्वतः घालून गेलो आहे.

मेळघाटी | ९.५०

म्हणजे १५० रुपये गेले.

भटक्या७२ | ९.५८

शिवत कशाला बसता? अमरावतीत, नागपुरात कोट, शेरवानी भाड्यानं मिळते. नवरदेवाचे कपडे देतात ना, तीच दुकानं. फक्त बाही मापून घ्या. मी एकदा मित्राच्या लग्नाला भाड्याचा कोट घातला, दोन्ही हात पंज्यापर्यंत आत. फोटोत मी लुळा दिसतो.

पण कपड्यांचं सोडा, विरळ हवेचं बघा. आईचं वय किती? मी लेहला गेलो होतो तेव्हा उंचीच्या त्रासाची गोळी, डायमॉक्स, घेतली होती. निघायच्या आदल्या दिवसापासून सुरू करा.

आर्वीचा_डॉक्टर | १०.०६

कृपा करून असले सल्ले देऊ नका. मसुरी साधारण २,००० मीटर, लेह ३,५०० मीटर. उंचीचा त्रास बहुधा २,५०० मीटरच्या वर सुरू होतो. मसुरीसाठी डायमॉक्स लागत नाही. वयस्कर बाईला ती गोळी कोणी स्वतःच्या मनानं देऊ नये. खरा त्रास होईल तो घाटातल्या वळणांचा आणि थंडीचा. अगदी रिकाम्या पोटी किंवा अगदी भरल्या पोटी गाडीत बसवू नका, पुढच्या सीटवर बसवा. बीपीच्या गोळ्या हातातल्या पिशवीत ठेवा, डिकीतल्या बॅगेत नको. आईंना बीपी आहे का?

भटक्या७२ | १०.०९

मी अनुभव सांगितला, प्रिस्क्रिप्शन नाही दिलं.

आर्वीचा_डॉक्टर | १०.१०

'सुरू करा' हे प्रिस्क्रिप्शनच असते.

संत्रावाला_वरुड | १०.२२

आई ७६ ची. बीपी आहे. अजून झाडाखालची संत्री स्वतः वेचते, तुमच्या माझ्यापेक्षा ठणठणीत आहे. डॉक्टरसाहेब, गाडीतलं बरं सांगितलं, तिला परतवाडा ते सेमाडोह जातानाच उलटी होते. पण माझा प्रश्न तो नव्हता. आईनं त्या जेवणाला काय नेसावं? ती नऊवारीशिवाय काही नेसत नाही. तिथं सगळे गाऊनवाले.

स्वाती_यवतमाळ | १०.२७

नऊवारीच नेसू द्या! आमच्या विदर्भातली टसरची करवतकाठी असेल तर तीच. काठाला करवतीसारखे दाते असतात, बघणारा विचारल्याशिवाय राहत नाही. आतून गरम बनियन आणि पायात लोकरी मोजे. मोजे घालून चपला होत नाहीत, तर बूट घ्या, साडीखाली कोणी बघत नाही. नोव्हेंबरात तिथे रात्री १० अंशांच्या खाली जातं.

आता दोन गोष्टी राहिल्या. एक, भाच्याचे आई-वडील का जात नाहीत? दोन, आमंत्रण टाईप करा म्हटलं होतं.

संत्रावाला_वरुड | १०.३५

ताईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आहे, म्हणून तर मी. भाऊजी तिच्याजवळ. आमंत्रण इंग्रजीत आहे, मोबाइलवर फोटो आला, अक्षर वळणाचं आहे, टाईप करत बसायला वेळ नाही. भाचा फोन उचलत नाही, दिवसरात्र तयारीत आहे म्हणते.

निवृत्त_मास्तर | बुधवार, सकाळी ६.१५

मसुरी आणि जुने हॉटेल म्हटल्यावर राहवले नाही. तेथील सॅव्हॉय हॉटेल १९०२ चे. १९२० च्या उन्हाळ्यात जवाहरलाल नेहरू आजारी आई आणि पत्नी कमला यांना घेऊन तेथे उतरले होते. त्याच हॉटेलात अफगाण शिष्टमंडळ इंग्रजांशी वाटाघाटीसाठी मुक्कामाला. पोलीस अधिकाऱ्याने नेहरूंना सांगितले, त्या लोकांशी संबंध ठेवणार नाही असे लिहून द्या. भेटायचा विचारही नव्हता, पण लिहून द्यायला नकार दिला. झाले, मसुरी सोडण्याचा हुकूम. अलाहाबादेत मोकळे बसले असताना अवधमधील (आपल्या साताऱ्याकडच्या नव्हे) प्रतापगडचे शेतकरी तेथे आले, आणि नेहरू त्यांच्याबरोबर खेड्यांत गेले. त्याच वर्षी डिसेंबरात आपल्या नागपूरची काँग्रेस भरली. एका हॉटेलच्या मुक्कामातून केवढे घडते बघा.

संत्रावाला_वरुड | ६.४०

मास्तर, नेहरूंनी रात्रीच्या जेवणाला काय घातलं होतं तेवढं सांगा.

निवृत्त_मास्तर | ६.४८

विषयांतर करू नका.

मेळघाटी | ७.३०

त्या सॅव्हॉयमध्ये १९११ साली एक बाई विषानं मेली होती ना? खुनाचा छडा लागला नाही म्हणतात. जेवण जपून.

हिंगणघाटकर | ८.०५

मसुरीला जाताय तर माझं एक काम करा. हाथीपाव नावाच्या भागात जॉर्ज एव्हरेस्टचं घर आहे. १८३० च्या दशकात त्यानं ती जागा घेतली आणि तिथून भारताच्या मोजणीचं काम चालवलं. ज्याचं नाव जगातल्या सगळ्यात उंच शिखराला १८६५ मध्ये मिळालं तोच. आता ऐका. ही मोजणी सुरू केली ती विल्यम लॅम्बटननं, १८०२ मध्ये मद्रासहून. वीस वर्षं साखळ्या आणि थिओडोलाइट (कोन मोजायचं यंत्र) घेऊन उत्तरेकडे सरकत आला आणि जानेवारी १८२३ मध्ये आमच्या हिंगणघाटात मेला. त्याची कबर इथेच आहे. साहेब आमच्याकडे मातीत, चेला मसुरीच्या बंगल्यात. त्या घरासमोर उभं राहून आईचा एक फोटो काढा आणि इथे टाका. आमच्याकडे शाळेच्या पोरांना कबर कुठे आहे विचारा, सांगता येत नाही.

मेळघाटी | ८.११

१८२३ मध्येच कॅप्टन रॉबिन्सनला चिखलदरा सापडला. म्हणजे तुमचा साहेब गेला त्याच वर्षी आमचा आला. १,११८ मीटर, कॉफीची झाडं, गाविलगड बाजूला, टाय लागत नाही. आईला उलटी होण्याआधी पोहोचता. मी अजूनही म्हणतो मसुरी रद्द करा.

यूपीएससी_दर्यापूर | ९.०२

काका, तिथे लालबहादूर शास्त्री अकादमी आहे, आयएएस झालेल्यांना शिकवतात ती. आत जाऊन बघता येते का? माझा दुसरा प्रयत्न आहे. ती जागाही आधी हॉटेलच होती, शार्लव्हिल नावाचं. १९५९ पासून तिथे अकादमी. गेटचा फोटो आणाल का? भिंतीवर लावतो.

संत्रावाला_वरुड | ९.१५

मी फोटोग्राफर आहे का राजेहो? एकाला बंगला पाहिजे, एकाला गेट. भाड्याच्या कोटाला किती पडते ते कोणी सांगितलं नाही. आणि नागपूर ते दिल्ली तिकीट आहे, पुढचं काय?

भटक्या७२ | ९.२८

हे आता सांगताय! दिल्लीहून डेहराडूनला सकाळची शताब्दी आहे, रात्रीचीही गाडी आहे. 'मसुरी एक्स्प्रेस' नाव बघून भुलू नका, ती डेहराडूनपर्यंतच जाते, मसुरीत रेल्वेच नाही. डेहराडून स्टेशनजवळूनच मसुरीच्या बस सुटतात, साधारण ३५ किलोमीटर, दीड तास धरा. बस लायब्ररीची की पिक्चर पॅलेसची हे भाच्याला विचारून ठेवा. मॉल रोडची ती दोन टोकं आहेत. चुकीच्या टोकाला उतरलात तर सामान आणि आई घेऊन चढावर जवळजवळ दोन किलोमीटर चालाल. आईंसाठी टॅक्सीच बरी. थांबत थांबत नेतो.

कोथरूडचा_पाहुणा | १०.४०

एक सुचवतो, राग मानू नका. काटे-चमच्यांचा सराव घरी करून जा. बाहेरच्या बाजूचा काटा आधी उचलायचा, मग आत आत यायचं. रुमाल मांडीवर. सूप पिताना आवाज नको.

मेळघाटी | १०.४४

७६ वर्षांच्या बाईनं आता आवाज न करता प्यायला शिकायचं?

कोथरूडचा_पाहुणा | १०.४७

मी पद्धत सांगितली. पाळायची नसेल तर नका पाळू.

संत्रावाला_वरुड | दुपारी १.२०

आईला वाचून दाखवलं. म्हणाली, माह्या नातवानं बनवलेलं हाये, मी हातानं खाईन. विषय संपला.

दुसरं, हॉटेलवाल्यांना भेट काय न्यावी? मी दोन खोके संत्री न्यायचं म्हणतो. आंबिया बहार आहे, बाग व्यापाऱ्याला उक्ती दिली आहे, पण घरचं एक झाड सोडून ठेवलं आहे.

स्वाती_यवतमाळ | १.३१

उत्तम. थोडी हिरवट असताना देठ ठेवून कात्रीनं काढा, ओढून नको. ओली झालेली भरू नका. प्लास्टिकच्या पिशवीत घाम धरतात, खोक्याला भोकं पाडून आत कोरडं गवत घाला. आणि खोका सीटखाली उभा राहील एवढाच घ्या. तिसऱ्यांदा विचारते, आमंत्रण टाईप करा. माझी शंका आहे की तुम्ही अर्धंच वाचलंय.

भटक्या७२ | १.४०

संत्र्यांऐवजी नागपूरची संत्रा बर्फी न्या, टिकते.

संत्रावाला_वरुड | १.४२

बाग असून बर्फी विकत घेऊ? आमच्या गावात तोंड दाखवता येणार नाही.

बरं, बाई ऐकत नाही, टाईप करतो. पान पहिलं. 'शुक्रवार: चहा आणि इमारतीची फेरी. शनिवार: सायंकाळी बँड, नंतर गाला डिनर, पोशाख ब्लॅक टाय, प्रवेश तिकिटावर.' झालं. दुसऱ्या पानावर बारीक अक्षर आहे, नियमबियम असतील.

स्वाती_यवतमाळ | १.४५

'प्रवेश तिकिटावर' असं स्वतःच लिहिलंत! तिकीट आहे का तुमच्याकडे? दुसरं पान मोठं करून वाचा.

संत्रावाला_वरुड | रात्री ८.५०

दुपारी वाचलं. पोरीनं वाचून दिलं. दुसऱ्या पानावर वर 'कर्मचाऱ्यांच्या कुटुंबांसाठी' असं लिहिलं आहे. राहण्याची सोय स्टाफ क्वार्टरमध्ये, शुक्रवार ते रविवार. आमचं जेवण रविवारी दुपारी, बागेत. कपड्याचं काही लिहिलं नाही. शनिवारचं ते पाहुण्यांसाठी, तिकीट काढणाऱ्यांचं. आत्ता भाच्याचाही फोन आला. म्हणते, मामा, शनिवारी रात्री मीच किचनमधून बाहेर येऊ शकत नाही, तुम्ही कुठे आत चालले.

म्हणते, संत्री शुक्रवारीच दे, रविवारच्या मिठाईत घालायला मोठ्या शेफला विचारतो. आईला ते सांगितलं तर लगेच झाडाखाली गेली कात्री घेऊन. अंधारात.

हिंगणघाटकर | ८.५८

म्हणजे शनिवार मोकळा. एव्हरेस्टचं घर बघायला वेळच वेळ.

यूपीएससी_दर्यापूर | ९.००

आणि गेट.

कोथरूडचा_पाहुणा | ९.१०

बागेत दुपारचं जेवण म्हणजे ब्लेझर तरी हवा.

संत्रावाला_वरुड | ९.१६

स्वेटर घालतो. बंगल्याचा आणि गेटाचा फोटो आणतो, पण आई जेवढी चालेल तेवढंच, कबूल? मास्तर, तुमच्या हॉटेलासमोरून गेलो तर बाहेरून पाहून घेतो.

टाय कोणाला पाहिजे का? काळा आहे, लांब, एकदाही लावला नाही. १०० रुपयांत देतो.

मेळघाटी | ९.१९

टाय नको. बाग उक्ती किती झाडांची दिली आणि काय भावानं? आमच्याकडे व्यापारी यंदा फळगळीचं कारण सांगून लय पाडून मागत आहेत.