पाळीचं चक्र आणि पुरुषी चेहऱ्याची ओढ: परिणाम खरा की मोजणीचा घोळ?

रेवा: १९९९ मध्ये पेंटन-व्होक, पेरेट आणि सहकाऱ्यांनी 'नेचर'मध्ये मांडलं की गर्भधारणेची शक्यता जास्त असलेल्या दिवसांत स्त्रियांचा कल अधिक पुरुषी चेहऱ्यांकडे झुकतो. चेहरे संगणकावर थोडेथोडे पुरुषी किंवा बायकी केलेले होते. मला हा परिणाम खरा वाटतो. बीज सुटण्याआधी इस्ट्राडिऑल हे संप्रेरक (हार्मोन) चढतं, नंतर प्रोजेस्टेरॉन हे दुसरं संप्रेरक वाढतं. त्याचा आवडीवर काहीच परिणाम नसेल?

सुहास: दिवस कसे ठरवले ते बघा. अशा बऱ्याच अभ्यासांत शेवटच्या पाळीची तारीख विचारून दिवस मोजलेत. ३५ दिवसांचं चक्र असेल तर बीज साधारण २१व्या दिवशी सुटतं, १४व्या नव्हे. गर्भधारणा शक्य असते ती जेमतेम सहा दिवस. म्हणजे चुकीच्या गटात पडणाऱ्या बायका किती!

रेवा: त्या चुकीने परिणाम पुसट होईल, नसलेला कसा उगवेल?

सुहास: 'सुपीक दिवस' कोणते हे आकडे हातात आल्यावर ठरवलं तर उगवतो. कुणी ६ ते १४ धरतो, कुणी ९ ते १५. तीस-चाळीस जणींच्या नमुन्यात यातलं एखादं गणित जुळून येतंच. २०१४ मध्ये जुन्या अभ्यासांचे दोन एकत्रित आढावे आले आणि त्यांचे निष्कर्ष एकमेकांच्या विरुद्ध निघाले! २०१८ मध्ये जोन्स आणि सहकाऱ्यांनी ५८४ स्त्रियांच्या लाळेतली संप्रेरकं पुन्हापुन्हा मोजली. पुरुषी चेहऱ्याची आवड या संप्रेरकांसोबत बदलल्याचा ठोस पुरावा मिळाला नाही.

मीनल: लाळेवरही डोळे मिटून विसंबू नका. हिरड्यांतून रक्त आलं की आकडे फुगतात. एलएच पट्टी, म्हणजे लघवीतलं एलएच संप्रेरक तपासणारी पट्टी, बीज सुटण्याच्या साधारण २४ ते ३६ तास आधीची त्याची उसळी दाखवते, बीज सुटलंच याची खात्री देत नाही. पीसीओएस या बीजकोशांच्या विकारात ती उगाचच पॉझिटिव्ह येऊ शकते. मी प्रयोग असा लावेन: प्रत्येकीची किमान दोन चक्रं, पट्टी आणि लाळ दोन्ही, पुढची पाळी आल्यावर तिथून मागे दिवस मोजून बीज सुटल्याचा अंदाज, आणि विश्लेषणाचे नियम आधीच नोंदवलेले. निम्म्या जणींची सुरुवात सुपीक दिवसांत, बाकीच्यांची नंतर. नाहीतर तेच चेहरे दुसऱ्यांदा पाहिल्याचा परिणाम संप्रेरकांच्या खात्यावर जातो.

रेवा: मान्य, चेहऱ्यांबाबत माझा दावा सैल पडतो. पण एकूण कामेच्छा इस्ट्राडिऑलसोबत वाढते आणि प्रोजेस्टेरॉनसोबत घटते, हे मोठ्या अभ्यासांतही दिसलंय. ते यात ओढू नका.

सुहास: ते नाकारतच नाही. इच्छा वाढणं वेगळं, चेहऱ्याची निवड बदलणं वेगळं.