जेनिफर केंडलचा अभिनय अभ्यासायचाय, सुरुवात कुठून करावी?

रंगपेटी:
आमच्या नाट्यगटात इंग्रज अभिनेत्री, शशी कपूरची पत्नी जेनिफर केंडल हिच्यावर दोन तासांचं सत्र ठेवलंय. बारा-तेरा जण, बहुतेक एकांकिका करणारे. 'शेक्सपिअरवाला'पासून (१९६५) सुरुवात करावी असं वाटतंय, कारण फिरत्या नाटक कंपनीचं आयुष्य त्यात आहे. पुढचा क्रम काय ठेवावा? आणि '१९४४ ची पृथ्वी थिएटर्स तिने जुहूला आणली' असं टिपणात लिहिलं तर चालेल का?

तिसरी घंटा:
टिपण छापायच्या आधी दोन दुरुस्त्या करा. 'शेक्सपिअरवाला'ची नायिका जेनिफर नाही, तिची धाकटी बहीण फेलिसिटी आहे. जेनिफर त्यात मिसेस बोवेनच्या अगदी छोट्या भूमिकेत दिसते. आईवडील, म्हणजे लॉरा लिडेल आणि जेफ्री केंडल, मात्र भरपूर आहेत. त्यांच्या 'शेक्सपिअराना' कंपनीतच ती घडली, म्हणून पार्श्वभूमीपुरती पाच-सात मिनिटं दाखवा, जास्त नको.

दुसरी चूक सगळेच करतात. 'पृथ्वी थिएटर्स' ही पृथ्वीराज कपूर यांची फिरती हिंदी नाटक कंपनी, १९४४ ते १९६०. जुहूचं 'पृथ्वी थिएटर' ही वास्तू. पृथ्वीराज १९७२ ला गेले, त्यानंतर शशी कपूर आणि जेनिफरने ती उभी केली. ५ नोव्हेंबर १९७८ ला पडदा... खरं तर तिथे पडदा नाहीच, नाटक सुरू झालं म्हणू. आणि ते होतं गो. पु. देशपांडे यांचं 'उद्ध्वस्त धर्मशाळा', हिंदीतून. मराठी गटाच्या टिपणात हे यायलाच हवं.

तारखा: जन्म २८ फेब्रुवारी १९३४, साउथपोर्ट. लग्न १९५८. मृत्यू ७ सप्टेंबर १९८४, लंडन. कर्करोगाने गेली तेव्हा वय फक्त ५०.

मंद प्रकाश:
क्रमाचं सांगतो. 'बॉम्बे टॉकी' (१९७०) आधी घ्या. त्यात ती ल्युसिया लेन ही इंग्रज लेखिका आहे, भूमिका मोठी आणि मोकळी, भावना थेट बाहेर येतात. लगेच 'जुनून' (१९७८) लावा. १८५७ चा काळ, नवरा मारला गेलेला, तरुण मुलगी सोबत, आश्रय दुसऱ्याच्या घरात. जावेद (शशी कपूर) मुलीला मागणी घालतो तेव्हा मरियम, म्हणजे जेनिफर, सगळं दिल्लीच्या निकालावर टाकते: दिल्ली बंडवाल्यांच्या हाती राहिली तर बघू, इंग्रजांनी घेतली तर विषय संपला. हात जोडणं नाही, आवाज चढवणं नाही. हाती काहीच नसलेली बाई वाटाघाट कशी करते, हे नटांनी इथे बघावं.

मग निम्मा वेळ '३६ चौरंगी लेन'ला (१९८१). दिग्दर्शन अपर्णा सेन यांचं, छायाचित्रण अशोक मेहता यांचं. त्यात ती व्हायोलेट स्टोनहॅम ही कलकत्त्यातली अँग्लो-इंडियन शिक्षिका आहे. व्हायोलेटच्या हातून शेक्सपिअरचा तास काढून घेऊन तिला व्याकरण शिकवायला लावतात. या कामासाठी जेनिफरला बाफ्टा या ब्रिटिश चित्रपट पुरस्काराचं नामांकन होतं, त्या वर्षी पुरस्कार कॅथरीन हेपबर्नला गेला. शेवटचा नाताळचा भाग तोडू नका. व्हायोलेट केक घेऊन तिची जुनी विद्यार्थिनी नंदिता आणि समरेश या जोडप्याच्या घरी जाते, खिडकीतून पार्टी दिसते, आपल्याला बोलावलेलं नाही हे कळतं. चेहरा बघून झाला की तोच तुकडा पुन्हा लावा आणि फक्त हात बघायला सांगा.

'घरे बाइरे'मधली (१९८४) मिस गिल्बी वेळ उरला तर.

रंगपेटी:
खूप आभार, दोन्ही दुरुस्त्या केल्या. व्हायोलेट करताना जेनिफर पन्नाशीच्याही आत होती. आमची मुलं म्हातारपण आलं की लगेच पाठ वाकवतात आणि हात थरथरवतात. त्यावर काही व्यायाम आहे का?

मंद प्रकाश:
वाकणं हा परिणाम आहे, तिथून सुरुवात केली की सोंग होतं. म्हातारपण दिसतं ते दोन हालचालींच्या मधल्या जागेत. खुर्चीतून उठायचं असेल तर आधी हाताला आधार सापडतो, मग वजन पुढे येतं, मग पाय उचलतो. हे तीन टप्पे सुटे करून प्रत्येकाकडून दहा वेळा करून घ्या, संवाद न देता. मग हातात कपबशी द्या. बशी वाजायला लागली की समजा नट पुन्हा थरथर 'दाखवतोय'.

आवाज मात्र कापरा करू देऊ नका. व्हायोलेट आयुष्यभर वर्गात बोललेली बाई आहे, तिचे शब्द शेवटपर्यंत सुटे आणि स्वच्छ येतात. म्हणूनच शेवटी रस्त्यावरच्या कुत्र्यासमोर ती शेक्सपिअरच्या 'किंग लिअर'मधल्या ओळी म्हणते तेव्हा दया येत नाही, कान टवकारले जातात.

तिसरी घंटा:
शेवटचा अर्धा तास जागेसाठी ठेवा. जुहूच्या पृथ्वी थिएटरला प्रेक्षक तीन बाजूंना, आसनं साधारण दोनशे. चौकटीच्या रंगमंचावर बसवलेलं नाटक तिथे जसंच्या तसं नेलं की उंच पाठीची खुर्ची एका बाजूचं सगळं झाकते. दोन पात्रं समोरासमोर उभी राहिली तर कडेच्या प्रेक्षकाला नुसती पाठ. तालमीच्या खोलीत जमिनीवर चिकटपट्टीने चौकोन आखा, तीन बाजूंना माणसं बसवा आणि पात्रांना तिरक्या रेषेत उभं करा. पाठ वळली की वाक्याच्या शेवटचे शब्द आधी हरवतात, तेव्हा तिन्ही बाजूंच्या एकेकाला फक्त ते शब्द लिहून घ्यायला सांगा. कुठल्या बाजूचा कागद कोरा राहिला, त्यावरून पुढच्या तालमीत काय बदलायचं ते कळेल.