मदत हवी आहे: गंबोचा रू फुटतोय, वर तेलाचा तवंग

सीफूड गंबोसाठी (गंबो म्हणजे अमेरिकेतल्या लुइझियानाचा दाटसर रस्सा) 1 कप तेल, 1 कप मैदा असा रू, म्हणजे रस्सा दाट करायला तेलात परतलेला मैदा. मंद आचेवर 45 मिनिटं सतत ढवळून काळसर चॉकलेटी रंग, करपल्याचे काळे ठिपके नाहीत. मग 2 कप कांदा, 1 कप सेलरी, 1 कप हिरवी ढोबळी मिरची त्यातच परतायची. कोळंबीच्या डोक्या-सालांचा 2 लिटर स्टॉक थोडा थोडा ओतायचा. इथवर सगळं ठीक. तासभर उकळल्यावर मात्र वर बोटभर तेल, खाली पातळ पाणी.

रू जितका काळा तितका पिठाचा दाटपणा कमी, हे माहीत आहे. पण फुटण्याचं कारण नेमकं कोणतं? 1 कप मैदा साधारण 125 ग्रॅम भरतो आणि 1 कप तेल 215, म्हणजे तेल जवळपास पावणेदोनपट. दोन्ही वजनाने समान घ्यावं का? की स्टॉक गरम असताना ओतल्याने असं होतं? गार ओतणारेही आहेत, उकळता ओतणारेही.

भेंडी 250 ग्रॅम, वेगळी परतून तार मोडल्यावरच घालायची, त्यामुळे चिकटपणा नाही. (गंबो हे नावच भेंडीच्या आफ्रिकी नावावरून आलंय असं मानतात, तेव्हा ती वगळा असं कृपया सुचवू नका.) फिले, म्हणजे सासाफ्रासच्या पानांची पूड, गॅस बंद केल्यावरच, उकळली तर तार धरते. भेंडी असताना ती घालावी का?

खेकडे शेवटची 20 मिनिटं, कोळंबी 4, कालवं कडा मुडपेपर्यंत. क्रिओल (लुइझियानाच्या न्यू ऑर्लिन्स शहराकडच्या) पद्धतीचा टोमॅटो घालायचा तर रूमध्ये की स्टॉकनंतर? केजन मंडळींनी (लुइझियानाच्या ग्रामीण भागातले फ्रेंच वंशाचे लोक) सहसा तो टाळलेलाच असतो.